हात सोडला की थांबणारी मशीन

मी गवत कापायची मशीन बोलतेय. दचकू नका. आयुष्यभर मी नुसती घरघर केली, ती सगळ्या आळीनं ऐकली. त्या घरघरीच्या पोटात काय होतं ते कुणी विचारलं नाही, म्हणून सांगायचं राहिलं. आज अंगात ताजं तेल आहे, टाकीत पेट्रोल आहे, ऊन छान पडलंय आणि मालक अजून चहा पितायत. त्यांचा चहा म्हणजे निवांत प्रकरण. बशीत ओतणार, फुंकणार, मग पिणार. तोवर माझं सांगून होईल.

आधी ओळख करून देते. मला चार चाकं, पोटाखाली धारेचं पातं, पाठीवर इंजिन आणि मागं लांब दांडा. माणूस दांड्यामागं चालतो. पण मला ढकलावं लागत नाही, बरं का. मी माझी मी चालते. दांड्याला दोन कड्या आहेत. वरची दाबून धरली की माझ्यात जीव राहतो. खालची ओढली की मागची चाकं फिरायला लागतात. आणि वरच्या कडीवरचा हात सुटला की मी जागच्या जागी गप्प, पातंही बंद. हे मला कुणी नंतर शिकवलेलं नाही, घडवतानाच अंगात घातलंय. घोडा उधळेल, बैल उधळेल, मी नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याच्या छपराखाली माझ्यासारख्या कितीतरी जणी ओळीनं उभ्या होत्या. पात्याचा बोल्ट आवळायला एक जाडजूड बाई होती. तिच्या तोंडात सदा काहीतरी गुणगुणणं. बोल्टला शेवटचा पीळ देऊन ती प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारायची आणि म्हणायची, "जा बाई, नीट राहा सासरी." आम्ही कुठं सासरी चाललो होतो, पण ती थाप मला अजून आठवते. लेकीला निरोप देताना आई असंच काहीतरी करत असेल.

पहिलं घर मला मिळालं ते खेळाच्या मैदानावर. तिथला मैदानवाला अबोल माणूस. काम झालं की मला तिरकं करून पोटाखालचं ओलं गवत लाकडाच्या पट्टीनं खरवडून काढायचा, मगच स्वतःचे हात धुवायचा. त्याच्या हाताखाली मी भरल्या अंगाची झाले. पुढं त्या मैदानावर गाड्या उभ्या करायची जागा झाली. डांबरावर माझं काय काम? मला मीटरच्या खोलीत नेऊन ठेवलं.

आणि तिथंच माझे आताचे मालक आले, मीटर वाचायला.

घरोघर, दुकानोदुकान जाऊन विजेचे मीटर वाचायचे, ही त्यांची नोकरी. उभा जन्म चालत गेला. कुठं कुत्रं अंगावर यायचं, कुठं दार अर्धंच उघडायचं. त्या दिवशी मालक वाकून मीटर बघत होते, मध्येच मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि मैदानवाल्याला म्हणाले, "ही कुणाची हो?"

"कुणाचीच नाही आता," तो म्हणाला. "नेणार असाल तर न्या. फक्त पोटाखाली घाण साठू देऊ नका."

अशी मी या घरी आले. घर बैठं, मागं लांबट अंगण, अंगणाच्या टोकाला लिंबाचं झाड. मालकीणबाई घरीच शिवणकाम करतात. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, भिंतीला अर्धवट शिवलेले कोट, दारात चिंध्यांची टोपली. मला बघून त्या म्हणाल्या, "घरात एक मशीन कमी होतं का, तर दुसरं आणलंत!"

पहिल्या दिवशीची गंमत ऐका. खालच्या कडीचं मालकांना ठाऊकच नव्हतं. मैदानवाला अबोल, त्यानं सांगितलं नाही. मालक मानी, त्यांनी विचारलं नाही. सकाळभर त्यांनी मला ढकललं. सदरा घामानं चिकटला, तोंड लाल झालं. मालकीणबाई पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "व्हा बाजूला, जरा मी बघते." मालकांचा हात सुटायच्या आत त्यांनी दांडा धरला तो दोन्ही कड्या एकदम मुठीत घेऊन.

मी निघाले!

"अहो, ही चालली! अहो, ही चालली!" करत बाई माझ्यामागं. मी सरळ वाळत घातलेल्या कपड्यांकडे. एका चादरीच्या खालून मी गेले, चादर बाईंच्या डोक्यावर. आतून ओरडणं चालूच, "अहो, ही चालली!"

"हात सोड! अगं, हात सोड!" मालक मागून धावले.

बाईंनी हात सोडला आणि मी थांबले. लिंबापासून वीतभर अलीकडे. चादरीतून तोंड बाहेर काढून बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा हिला बरं कळतं. हात सोडला की थांबते."

त्या दिवसापासून या घरात माझं नाव 'चालली' पडलं. "चाललीला तेल पाजलंत का?" "चालली बाहेर भिजतेय, आत घ्या." असं.

पुढची वर्षं सुखाची गेली. मालकांना रेघांचं वेड. जाताना एक पट्टा, येताना त्याला चिकटून दुसरा. गवतावर अशी फिक्की-गडद पट्टी उठायची की मालकीणबाई खिडकीतून म्हणायच्या, "या कापडाचा एक सदरा बेतावा की काय?" सुट्टीच्या दिवशीसुद्धा मालक माझ्यामागं चालायचे. बाई चिडवायच्या, "आठवडाभर चालून भागत नाही का हो?" तर म्हणायचे, "अगं, ते चालणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात जाणं. हे माझ्या अंगणातलं. हिला धरलं की पायांना आपोआप वाट कळते."

मग एका सकाळी मालक न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, "हाडाचं काम संपलं. आता चाला. नाही चाललात तर पाय विसरून जातील, मग माझ्या हातात काही नाही." चालायला मदत म्हणून ती चार पायांची घोडी आणली. तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. मालक पलंगावरून खिडकीजवळच्या खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, तेही बाईंच्या खांद्यावर भार टाकून. हाड जुळलं होतं, पण छातीतलं काहीतरी जुळलं नव्हतं. पडलेल्या माणसाला जमिनीचा भरवसा वाटत नाही हो. ती पुन्हा दगा देईल असंच वाटत राहतं.

आणि मी? मी मागच्या पडवीत. कोण बघणार माझ्याकडे? टाकीतलं पेट्रोल आटून त्याचा डिंक झाला. पोटाखाली गंज चढला. उंदरानं माझ्या इंजिनाच्या झाकणाखाली संसार थाटला. पोरंबाळं झाली, मोठी झाली, गेली, घरटं राहिलं. अंगणातलं गवत गुडघ्यापर्यंत आलं. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात, तसं.

शेजारच्या काकांनी तेवढ्यात नवी बॅटरीवर चालणारी मशीन आणली. तिचा आवाज म्हणजे डास गुणगुणावा तसा. कुंपणावरून काका बाईंना म्हणाले, "वहिनी, तुमची ती आगगाडी आता द्या कुठंतरी प्रदर्शनात. काळ बदलला."

"काळ बदलला, पण तुमची सवय बदलली नाही भावजी," बाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या अंगणात डोकावायची."

तोंडावर असं बोलल्या खऱ्या. पण आठवडाभरानं त्यांनीच भंगारवाल्याला बोलावलं. मला राग आला नाही. कारण मला माहीत होतं. मालक खिडकीतून बाहेर बघायचे आणि पडवीत मी दिसले की मान फिरवायचे. ती फिरलेली मान बाईंना रोज बघवेना.

आता सूनबाईंचं सांगायला हवं. मालकांचा मुलगा मालवाहू जहाजावर असतो, महिनोन् महिने समुद्रावर. त्याची बायको शहर बसची ड्रायव्हर. सासरे पडले तशी तिनं इथल्या डेपोत बदली मागून घेतली आणि राहायला आली. मुलगी उंचपुरी, हाताची मजबूत, बोलायला मोजकी. सासू-सुनेचं भांडण मात्र नव्हतं. असतं तर बरं झालं असतं! दोघींमध्ये नुसती अदब.

"राहू दे गं, मी घासते भांडी."

"नाही आई, मी घासते ना."

"दमून आलीस, बस."

"तुम्ही बसा, सकाळपासून मशीनवर आहात."

असं करत भांडी तशीच राहायची. एकीच्या मनात काय आहे हे दुसरी विचारायची नाही. आपली आपण अंदाज बांधायची आणि त्यावर वागायची. सासूला वाटायचं सुनेला गोड आवडतं, सुनेला वाटायचं सासूला गोड आवडतं, आणि दोघी रोज गोड चहा तोंड वाकडं करून प्यायच्या. हे लक्षात ठेवा. पुढं यानंच घोटाळा केला.

तर भंगारवाला आला. मला दांड्याला धरून ओढत दारापर्यंत आणलं. तेवढ्यात सूनबाई ड्यूटीवरून आली, अंगावर खाकी गणवेश.

"हिला कुठं?"

"अगं, गंजली. चालत नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

सूनबाईनं खिडकीकडे बघितलं. मालकांनी मान फिरवलेलीच होती. ती खिडकीशी गेली.

"बाबा, ही चालत होती तेव्हा तुम्ही हिच्यामागं किती चालायचात?"

मालक भिंतीकडे बघतच म्हणाले, "दिवस मावळेपर्यंत. आता ती चालायची नाही आणि मीही."

सूनबाई परत आली आणि भंगारवाल्याला म्हणाली, "दादा, आज नाही."

"मग कधी?"

"ही चालली नाही तर मी स्वतः तुमच्याकडे ढकलत आणते."

आता माझ्या जिवाचं आणि मालकांच्या पायांचं एकच गणित झालं. मी चालले तर कदाचित ते चालतील. मी नाही चालले, तर त्यांनी मनाशी जे ठरवलं होतं त्यावर शिक्काच बसणार होता.

दुसऱ्या दिवशी माझी चिरफाड सुरू झाली. डेपोच्या गॅरेजमध्ये उभं राहून सूनबाई पाने-पकडी चालवायला शिकलेली. तिनं आधी प्लगची वायर काढली. "पात्याच्या मशीनला हात लावायचा तर आधी हे," ती म्हणाली. मग टाकीतला डिंक आणि जुनं काळं तेल डब्यात काढलं. पडवीत जुनी गादी टाकली आणि दोघींनी मिळून मला त्यावर उताणी केली. इतक्या वर्षांत मी आकाश असं कधी बघितलं नव्हतं. लाज वाटली थोडी, पण छान वाटलं.

वरचं झाकण निघालं आणि उंदराचं घरटं बाहेर आलं. बघते तर त्यात निळं साटीन, कोटाचं अस्तर, जरीची कोर!

"अगंबाई!" मालकीणबाई ओरडल्या. "ही त्या वकीलणीच्या पोशाखाची कोर! मी तिला सांगितलं, तुम्हीच कमी दिलीत म्हणून. उगाच बिचारीशी वाद घातला." आणि हसायला लागल्या. सूनबाईही हसली. त्या पडवीत मी बऱ्याच दिवसांनी हसणं ऐकलं.

पात्याचा बोल्ट काही केल्या सुटेना. गंज सुटायचं तेल सोडलं, पान्यावर लोखंडी नळी चढवली, दोघी लटकल्या. कडकन आवाज झाला. दोघी एकमेकींच्या अंगावर. "लागलं का आई?" "मला नाही, तुला?" पुन्हा अदब! पण बोल्ट सुटला.

मग कार्बोरेटर. पेट्रोल आणि हवा यांचं जिथं लग्न लागतं ती जागा. त्यातलं एक भोक सुईच्या टोकाएवढं, डिंकानं बुजलेलं. मालकीणबाई सुई घेऊन आल्या. सूनबाई म्हणाली, "सुई नको आई, भोक मोठं होईल, मग ही पेट्रोल ढोसत बसेल." बाईंनी सुई खोचून ठेवली आणि नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ आणलं. दोऱ्याचं टोक कात्रीनं तिरकं कापलं, डोळा बारीक केला आणि एका फटक्यात ओवला. जन्मभर सुया ओवल्यात त्यांनी. दोरा पुढं-मागं केला, भोकातून उजेड दिसला.

गवत साठवायची माझी पिशवी पार फाटली होती. बाईंनी जाड ताडपत्री आणून नवी शिवली, कडेला लाल पट्टी लावून. शेजारच्या काकांच्या मशीनची पिशवी साधी काळी आहे, एवढंच सांगते.

मागची चाकं काढायची वेळ आली. प्रत्येक चाकाच्या आत एक लहानसं दातेरी चक्र असतं. दोन चक्रं, दिसायला जुळ्या बहिणी, पण स्वभावानं उलट्या. डावीची उजवीकडे चालत नाही. सूनबाई काढायची आणि बाई आपल्या शिवणाच्या खडूनं खूण करायच्या, 'डा' आणि 'उ'. मी तर उताणी पडलेली. माझी डावी बाजू त्यांना उजवीकडे दिसत होती. दोघींनाही हे कळत होतं. पण विचारील कोण?

गंज घासला, रंग दिला, वंगण भरलं, नवा पट्टा चढवला. एका रविवारी दुपारी मी अंगणात उभी राहिले, हिरव्या रंगात. सूनबाईनं इंजिन सुरू करायची दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी पोटात फुरफुरलं, धूर आला आणि मी बोलायला लागले! काय सांगू तो आनंद! खिडकीतली मान वळली. मालक माझ्याकडे बघत होते.

सूनबाईनं खालची कडी ओढली.

कट. कट. कट. कट.

चाकं हलेनात. तिनं पुढं ढकललं, तर अडून बसले. मागं ओढलं, तर सुळकन आले. मागं जायला मी एका पायावर तयार, पुढं जायचं नाव नाही. माझं मलाच कळेना. खिडकीत मालकांचा चेहरा उतरला. "मी म्हटलं नव्हतं?" ते हळूच म्हणाले आणि मान फिरवायला लागले.

कुंपणापलीकडे काकांचा खोकला ऐकू आला. "वहिनी, नवीन पद्धत का? उलटी कापणी?"

सूनबाईनं मला बंद केलं. तिचे कान लाल झाले होते. चाकाकडे बघत ती म्हणाली, "चक्रं उलटी बसलीयेत. पण मी तर खूण बघून लावली."

"मग माझी खूण चुकली म्हणतेस?"

"तसं नाही आई..."

"तसं नाही तर कसं? बोल की स्पष्ट!"

"ठीक आहे, स्पष्ट बोलते! तुम्ही शिंपीकाम करता. कापडाच्या उलट्या बाजूनं बघायची तुम्हाला सवय. मला वाटलं, मशीन उताणी असली तरी तुम्ही खूण सुलट उभी धरूनच केली असणार. म्हणून तशी लावली!"

"सवय आहेच माझी! पण मला वाटलं तू ड्रायव्हर, तुला समोर दिसतं तेच डावं-उजवं. म्हणून मुद्दाम, तुझ्यासाठी, जशी दिसत होती तशी खूण केली!"

"मग सांगायचं नाही का?"

"मग विचारायचं नाही का?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही विचारलं!"

"आणि तुला वाईट वाटेल म्हणून मी रोज तो पाकासारखा चहा पिते!"

"म्हणजे? तुम्हाला गोड नको असतं?"

"शिसारी येते मला गोडाची!"

"मलाही!"

दोघी थांबल्या. आणि खिडकीतून असा आवाज आला की मला वाटलं मालकांना काही झालं. मालक हसत होते. खुर्चीचा हात धरून, डोळे पुसत, श्वास लागेपर्यंत. "दोघी शहाण्या!" ते म्हणाले. "एकमेकींच्या सोयीसाठी मशीनची मान पिरगाळली! अगं, अदलाबदल करा त्यांची. आणि मलाही तो चहा नको, मी गप्प बसलो होतो."

चक्रं बदलायला वेळ लागला नाही. या वेळी दोघी मोठमोठ्यानं बोलत होत्या. "ही डावी?" "डावी." "कुणाची डावी?" "हिची, चाललीची!" सूनबाईनं दोरी ओढली, खालची कडी ओढली आणि मी निघाले. उंच गवतात, पातं सगळ्यात वरच्या खाचेला ठेवून, पण निघाले.

"अहो, ही चालली!" मालकीणबाई ओरडल्या. तेच शब्द, तोच आवाज. फक्त डोक्यावर चादर नव्हती.

मी चालले. पण मालक? ते खुर्चीतच. बघत होते, हसत होते, उठत नव्हते.

"बाबा, येता का?"

"नको गं. तूच चालव. छान चाललंय."

आता नीट ऐका. पुढच्या रविवारी पातं खाली घेऊन सूनबाई बारीक कापणी करायला आली. ती शहरात एवढी लांब बस अरुंद गल्लीतून काढते, दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून. आणि त्या दिवशी तिनं माझ्याकडून काढलेली पहिली रेघ अशी वाकडी की साप लाजेल. दुसरी तिला काटकोनात जाऊन भिडली. मध्येच एक झुपका तसाच सोडला, शेंडीसारखा.

कुणाला काही का वाटेना. दांड्यावरचा हात मला कळतो. तो हात न चुकता चुकत होता. प्रत्येक वळणावर मुद्दाम जरासा ढकलत होता. मालकीणबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि त्यांनीही बोलायचं सोडून पदराआड तोंड लपवलं होतं. या वेळी दोघींचं आधी बोलणं झालेलं होतं, एवढं मला कळलं.

"अगं, सरळ! सरळ घे!" खिडकीतून आवाज आला.

"सरळच आहे बाबा!"

"हे सरळ? बस अशी चालवतेस का? उतारूंना उलट्या होत असतील!"

"अंगणच वाकडं आहे बाबा!"

"नाचता येईना म्हणे अंगण वाकडं! मी जन्मभर या अंगणात... थांब! ती शेंडी ठेवलीस कशी? थांब म्हणतो ना!"

खुर्ची करकरली. मालकांनी त्या टॉवेलवाल्या घोडीवरचा टॉवेल फेकला, घोडी पकडली आणि दार, उंबरा, पायरी करत बाहेर आले. रागात होते म्हणून आले. भीती वाटायला वेळच मिळाला नाही. मालकीणबाई त्यांच्या मागं हात पसरून, पण हात न लावता.

"सरक," ते सूनबाईला म्हणाले.

ती सरकली, पण फार नाही. त्यांच्या बाजूलाच राहिली. मालकांनी दांडा धरला. तो तळवा मी ओळखते. जरा हलका झाला होता. सूनबाईनं माझा वेग सगळ्यात खाली आणला. मालकांनी वरची कडी दाबली, तिनं दोरी ओढली. खालची कडी त्यांनी हळूच, अगदी हळूच ओढली.

मी निघाले. इतकी हळू मी कधी चालले नव्हते. एक पाऊल. त्यांचा दुखरा पाय मागं घासत आला. दुसरं पाऊल.

अर्ध्या वाटेवर गवतात एक खळगा लागला. चाक खाली गेलं, दांडा हलला, मालक दचकले आणि त्यांचा हात सुटला.

मी थांबले.

हलले नाही, घसरले नाही, पुढं गेले नाही. होते तिथं उभी राहिले आणि मालक पुन्हा दांड्यावर टेकले तेव्हा दांडा तिथंच होता. सूनबाईनं धरायला हात पुढं केला होता. मालकीणबाईंनी तो हलकेच मागं घेतला. काकांनी तर कुंपणावर हनुवटीच टेकली होती.

मालक माझ्याकडे बघत होते. "थांबली," ते म्हणाले. स्वतःशीच. "हात सुटला तर थांबली. मला सोडून गेली नाही."

मग मोठ्यानं म्हणाले, "ओढ गं ती दोरी. बघतेस काय?"

लिंबाच्या झाडापर्यंत आम्ही गेलो. वळलो. परत आलो. ती रेघ तुम्ही येऊन बघायला हवी होती. सुतळीनं आखल्यासारखी. मालकांनी मागं वळून बघितलं, घाम पुसला, आणि सुनेला म्हणाले, "याला सरळ म्हणतात."

"शिकेन बाबा," ती म्हणाली, अगदी भोळा चेहरा करून.

बायकोला म्हणाले, "पाणी आण. आणि चहा. बिनसाखरेचा."

तर हे असं झालं. आता ती घोडी कायमची टॉवेलांना दिलीय. मालक रविवारी माझ्यामागं चालतात आणि बाकीचे दिवस हातात काठी घेऊन गल्लीत फिरतात. ओळखीच्या घरासमोर थांबून दारावरच्या मीटरकडे एक नजर टाकतात, सवयीनं. सूनबाईची रेघ एका आठवड्यात सुधारली, याचं मालकांना फार कौतुक. "शिकवलं की येतं," ते सांगतात. घरात आता भांडणं होतात, छान मोठ्या आवाजात, आणि लगेच मिटतात. काका परवा हळूच विचारून गेले, त्यांची बॅटरीवाली हल्ली चढावर दम खाते, सूनबाई एकदा बघेल का? मालकीणबाई म्हणाल्या, "बघेल की. पण खडू तुमचा तुम्ही आणा."

तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्या पडवीत माझ्यासारखं कुणी पडलं असेल तर भंगारात द्यायच्या आधी एकदा उघडून बघा. निदान उंदरानं तुमचं काय काय पळवलं ते तरी कळेल. आणि डावं कुणाचं, उजवं कुणाचं, चहात साखर हवी की नको, हे मनातल्या मनात ठरवू नका. विचारा. विचारल्यानं कुणी मोडत नाही. मोडतं ते न विचारल्यानं.

माझं वय झालंय, मला कळतं. वळताना बेअरिंग कुरकुरतं. एक दिवस माझा आणि मालकांचा, दोघांपैकी कुणाचा तरी हात आधी सुटेल. पण ती काळजी आज नाही. बशी खाली ठेवल्याचा आवाज आला बघा. काठी भिंतीला लागली. पायरी उतरले. आले.

हं, धरलं. घट्ट धरलंय.

निघते मी.